नागम्माच्या झोपेपुरता वेग

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या त्या दोन घरांत भिंत एकच. एका घरात भांडण लागलं की दुसऱ्या घरातला घास हातात राहायचा. सिद्धप्पाच्या घरात यंत्रमाग होता तेव्हाचं एक भांडण शेजारणीला अजून आठवतं. वीज गेली होती, तरी त्याची बायको नागम्मा सवयीनं ओरडूनच बोलत होती.

"लगीन तुमच्याशी झालंय का ह्या मागाशी? तुमचा आवाज कसा हाय तेच ठावं न्हाय मला!"

"मग आता कोण बोलतंय?"

"लाईट गेलीय म्हणून ऐकू आलं की!"

पुढं माग विकला. सिद्धप्पा कॉम्प्युटरवर टॉवेलांची नक्षी काढायला शिकला आणि अक्कलकोट रोडच्या एका कारखान्याला देऊ लागला. हे यंत्र गुपचूप बसायचं, म्हणून नागम्मा त्याच्याशी बरी वागायची. दसऱ्याला हळदीकुंकूसुद्धा लावायची.

मग ती अंथरुणाला खिळली. झोप लागायची ती दुपारी, तेवढीच. त्याच सुमाराला कारखान्यानं नव्या पद्धतीची नक्षी मागितली आणि जुना कॉम्प्युटर अडायला लागला. भाचा प्रभु कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा, त्यानं नवा प्रोसेसर बसवून दिला. काम पळायला लागलं, पण आतला फॅन असा घोंघावायचा की माग परत घरात आल्यासारखं वाटावं. नागम्मा डोळे मिटून जागी पडून राहायची. ती भांडली असती तर सिद्धप्पाला बरं वाटलं असतं.

मागावरच्या माणसाला आवाज वाढला, धुरळा उडाला की एकच सुचतं, वरून कापड झाकायचं. त्यानं आपली जाडजूड सोलापुरी चादर दुहेरी करून कॉम्प्युटरच्या डब्यावर गुंडाळली. आवाज दबला. नागम्मा झोपली. थोड्या वेळानं मोराची अर्धी नक्षी घेऊन कॉम्प्युटर बंद पडला. दुसऱ्या दिवशीही तसंच.

प्रभुनं येऊन चादर उचलली, तर डबा तव्यासारखा तापलेला.

"मामा, ह्याला थंडी वाजत होती व्हय?"

"तुझ्या मामीची झोप मोडती रे."

प्रभु हसायचा थांबला. त्यानं पेठेतल्या मागांचा उडून आत साचलेला कापूस ब्रशनं काढला, प्रोसेसरवर तो थंड ठेवणारी नवी पेस्ट लावली, हळू फिरणारा मोठा फॅन बसवला. तरी जोराच्या कामाला आवाज उरलाच. "आता प्रोसेसरचाच वेग कमी करतो. कमी तापंल, फॅन गप फिरंल. पर नक्षीला वेळ लागंल, मामा."

"लागू दे."

त्या दुपारी नागम्मानं पलंगावरून विचारलं, "बंद केलं का वो?"

"चालू हाय की."

"आसं व्हय," म्हणाली आणि कुशीवर वळली.

थंडी संपता संपता ती गेली. सिद्धप्पा रडला नाही. लोक आले, चहा झाला, लोक गेले. तेराव्यानंतर तो पुन्हा नक्षीला बसला. कारखान्यातून फोन आला, जरा लवकर द्या. प्रभु म्हणाला, "मामा, आता वाढवू का वेग? घरात कोण—" आणि जीभ चावली.

"राहू दे."

मोर संध्याकाळी पुरा झाला. सिद्धप्पानं पेनड्राइव्ह खिशात घातला, डब्याच्या जाळीवरचा कापूस ब्रशनं झटकला, चादर घडी करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. सायकल बाहेर काढली. मग दाराची कडी दोन बोटांत धरून, वाजणार नाही अशी हळूच लावली आणि अक्कलकोट रोडला लागला.