बॅकग्राउंडचा रंग बदला!

फ्लेक्सच्या दुकानात बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही, ते स्वतःच फोटो आणि साइज घेऊन येतात! इंदापुरात माझं दुकान आहे. डिझाइन मनीषा करते, ती डाळजहून रोज स्कूटीवर येते. देशात काय चाललंय हे टीव्हीवाल्यांना संध्याकाळी कळतं, आमच्याकडं सकाळीच ऑर्डर आलेली असते.

*

पक्ष फुटला त्या आठवड्यातली गोष्ट. एक कार्यकर्ता धापा टाकत आला. "दादा, सायबांचा फोटो त्योच, जोडलेले हातबी तेच. फक्त बॅकग्राउंडचा रंग बदला आन् 'निष्ठावंत' जरा मोठं करा!"

आम्ही बदललं. दुपारी त्याचाच फोन. "सायेब परत आले. जुना रंग करा."

"आणि 'निष्ठावंत'?"

"ते ऱ्हाऊ द्या की. ते दोन्हीकडं चालतंय!"

*

एका पुढाऱ्याचा बोर्ड होता. वरच्या ओळीत 'आता चोवीस तास', खालच्या ओळीत 'वीज!' मशीन निम्म्यावर आलं की लाइट जायची. दोनदा फ्लेक्स वाया गेला. तिसऱ्यांदा पहिली ओळ छापून झाली आणि पुन्हा सगळं बंद! दारात गाडी उभी, सभेला उशीर होत होता.

मनीषा शांतपणे म्हणाली, "एवढाच घेऊन जा, साहेब. पुढचं लोक आपापलं वाचतील."

*

आमच्या ओळखीच्या एका मावशींची डाळिंबं दुबईला पोचली, पण मुलगा काही बोहल्यावर पोचेना. मुली बघायला गेलं की एकच उत्तर, शेतकरी नको! शेवटी मावशींनी त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सांगितला. "शेतकरी लिव्हू नगंस. 'एक्स्पोर्टर' लिव्ह!"

फ्लेक्स हायवेला लागला आणि खरंच एक स्थळ चालून आलं. मुलीच्या वडलांनी बाग पाहिली, बंगला पाहिला, गाडी पाहिली. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, "एक्स्पोर्टर म्हंजे चांगलंच हाय वो. पर पर्मनंट हायत का?"

*

सुप्याकडचे एक तात्या दर पावसाळ्याआधी जुने फ्लेक्स मागायला येतात. कांद्यावर टाकायला. पक्ष बघत नाहीत, नुसतं बोटांत धरून जाडी बघतात.

एकदा एका माजी पुढाऱ्याचा भलामोठा फ्लेक्स उलगडून दाखवला. तात्या हरखले. "ह्योच द्या! ह्यांनी आमच्याकडं पाणी आणतो म्हणून सांगितलं व्हतं. न्हाय आणलं. आता निदान अडवू तरी द्या!"

*

आणि शालनताई. गावाचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं, म्हणून नवऱ्यानं त्यांचा फॉर्म भरला. प्रचाराचा फ्लेक्स सांगायला तोच आला. मधोमध त्याचा फोटो, वर पुढारी, बाजूला भाऊ आणि अकरा मित्र.

मनीषानं विचारलं, "उमेदवाराचा फोटो?"

"तिला कोन वळखतंय? मत मला बघून पडणार. तळाला नाव टाक तिचं!"

दुसऱ्या दिवशी शालनताई एकट्याच आल्या. पायाला शेतातला चिखल तसाच. छापलेला फ्लेक्स बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यात मी कुठं हाय?"

मनीषानं खाली नावावर बोट ठेवलं. ताई म्हणाल्या, "मला हातात मावंल असा कागूद करून दे, पोरी. माझ्या फोटूचा."

फोटो नव्हताच! मनीषानं दुकानाच्या भिंतीपाशी उभं करून मोबाइलवर काढला. ताईंनी पदर नीट केला, पण हसल्या नाहीत. "हसून काय मागायचं? काम मागतिया मी."

ते कागद घेऊन त्या घरोघरी फिरल्या. पुढच्या दारानं नाही, मागच्या. थेट चुलीपाशी, बायकांमध्ये. नवरा फ्लेक्सखाली खुर्ची टाकून बसला होता.

ताई निवडून आल्या! दणक्यात!

आभाराचा फ्लेक्स सांगायला दोघं मिळून आले. नवऱ्यानं सवयीनं मोबाइल काढून स्वतःचे फोटो निवडायला घेतले. ताई खुर्ची ओढून थेट मनीषाशेजारी बसल्या. "माझा फोटू मधी घे. मोठा."

नवरा खाकरला. "आन् माझा?"

"टाक की गं ह्यांचाबी," ताई स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या. "खाली, कोपऱ्यात. शुभेच्छुक!"