पयला घास माझा

मिठागरं पावसात बंद असायची. नवरा तिथंच कामाला, म्हनजे चार महिने घरात काय येनार नाय. मी बांधाबांधानं फिरून पाला खुडून आनायची. एकदा अळू समजून भलतंच काय आनलं. धाकट्याचा गळा असा सुजला, दिवसभर त्याला पानी गिळता येईना. तवापासनं नेम धरला, पाला शिजला की पयला घास माझा. पोरं भिंतीला टेकून माझ्या तोंडाकडं बघत बसायची. भुकेली असायची, पन हलायची नायत. जीभ खाजत नाय म्हटलं की मग त्यांची ताटं.

तो धाकटा आता एव्हरशाईनला फ्लॅटात राहतो. त्याची पोरगी रविवारी माझ्याकडं गावाला, वटारला येते. लहान होती तवा पदर धरून चालायची. "आजी, हे काय? आजी, हे खातात?" मी वैतागायची.

आता विचारत नाय. फोन काढते, पानावर धरते, फोन नाव सांगतो.

"बघ आजी, टाकळा."

"मला त्याला विचारून कळायचंय?"

"अगं, तुला चेक नाही करत. मजा येते."

"मग त्यालाच सांग भाकर थापायला."

ती हसली. मी नाय हसले.

खोटं कशाला बोलू, तो चुकावा म्हनून मी वाट बघायची. चुकत नाय मेला. कधी उपाशी राहिला नाय, कधी बांधावरनं घसरून पडला नाय, आनि नात मान वाकडी करून त्याच्यात बघते, जशी माझ्याकडं बघायची.

त्या दिवशी टाकळ्याची भाजी केली. आधी ती पन माझा घास होईपर्यंत थांबायची, बापानं लावलेली सवय. त्या दिवशी ताट घेतलं नि खायला लागली. फोननं सांगितलं होतं ना. माझा हात तसाच राहिला.

"आजी, जेव ना."

"गरम हाय."

पुढच्या रविवारी वाडीच्या कडेला कोवळा कुर्डू दिसला. तिनं फोन काढायच्या आत मी शेंडा खुडला नि कच्चाच तोंडात टाकला.

"आजी, काय खाल्लंस? फोटो तरी काढू द्यायचा."

"काढ आता माझ्या पोटाचा."

"सांग ना, काय होतं ते?"

मी चावत राहिले. कच्चा कुर्डू काय चवीला बरा लागत नाय. बाजूला अजून झुडपं होती, तिला फोटो काढता आला असता. पन फोन हातात तसाच, आनि ती माझ्या तोंडाकडं बघत उभी. तिचा बाप भिंतीला टेकून बघायचा, अगदी तशी.

मी सावकाश चावलं. लवकर गिळलंच नाय.