दुनळीचा बोकड

खंडेनवमीला तुमच्या घरात जे हत्यार पुजलं जातं, ते कुणावर चाललं होतं, हे तुम्ही कधी विचारलंय?

मी विचारते. जुन्या बंदुकांचा इतिहास गोळा करणं हा माझा छंद आहे. नळीखालचे ठसे पाहून बंदूक कुठं बनली ते मी सांगू शकते. तिनं काय केलं, ते ठशांत नसतं. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटतच मी मोठी झाले... आजही कुणी अंगारा पुढं केला तर हात मागं घेते. तरीही हे लिहितेय.

राणीसावरगावच्या अलीकडं एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथल्या आप्पांकडं निजामाच्या काळातली विलायती दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे. काडतुसावर आपटून बार उडवणारे तिचे दोन्ही घोडे बाहेर असतात, पण डावा मुळापासून तुटलेला. म्हणजे डाव्या नळीतून बार उडूच शकत नाही. खंडेनवमीच्या सकाळी मी ती उघडून उजेडाकडं धरली. दोन्ही नळ्या आरपार स्वच्छ, काडतूस नाही.

"रझाकारांवर चालवली आमच्या आजानं," आप्पा म्हणाले. "म्हणून तर दरसाल धनगराच्या घरचा बोकड कापून त्याचं रगत हिला लावतो. मान हाय त्यांचा."

मी त्या धनगराच्या घरी गेले, हातात एक पत्रक घेऊन. रखमाबाई मेंढरांना पाणी दाखवत होत्या.

"मान? जुर्माना हाय त्यो, ताई! माझ्या आजेसासऱ्याची मेंढरं यांच्या जवारीत शिरली. त्यो हात वर करून म्हणला, मालक, हाकलतो. यांच्या आजानं त्या हातावरच बार टाकला. दोन बोटं उडाली, रगत थांबंना, शेताच्या धुऱ्यावरच मेला. वरून आमच्यापायी काडतूस वाया गेलं म्हून दरसाल एक बोकड!"

"मग देता कशाला?"

"न्हाई दिला तर मेंढरं तुझ्या पत्रकांवर चारू का? सगळं रान त्यांचं."

"यंदा देऊ नका. मी येते तुमच्यासोबत."

 त्यांनी बोकडाचं दावं पुन्हा खुंटीला बांधलं.

दुपारी आप्पांच्या अंगणात दुनळी पाटावर होती, झेंडू वाहिलेली, नळ्या भिंतीकडं. रखमाबाई रिकाम्या हातानं उभ्या राहिल्या.

"औंदा बोकड न्हाई, आप्पा."

"का? लांडग्यानं नेला?" लोक हसले.

"जुर्माना फिटला म्हणायचा."

आप्पांनी त्यांचे केस धरून त्यांना पाटापुढं खेचलं. मी मधे पडले तर मला ढकलून दिलं; माझं कपाळ उंबऱ्यावर फुटलं. आप्पांनी उजवा हात उगारला. "बोकड न्हाई तर हिचंच रगत लावतो!"

आणि बार झाला.

दुनळीला कुणी हात लावला नव्हता, नळ्यांसमोर कुणी नव्हतं. डाव्या नळीतून पांढरा धूर निघत होता. समोरच्या भिंतीवर ओरखडाही नाही... आणि आप्पांच्या उगारलेल्या हाताची दोन बोटं गायब. ते गुरासारखे ओरडत होते. झेंडूवर, पाटावर, दुनळीवर रक्ताच्या चिळकांड्या. पोरंबाळं पळाली. रखमाबाईंनी पदर फाडला आणि त्यांचं मनगट आवळून बांधलं.

"दाबून धर, आप्पा," त्या म्हणाल्या. "आमच्याला कुणी धरलं नव्हतं."

परभणीला डॉक्टरांनी तळहातातून शिशाचे छर्रे काढले. पोलिसांनी बंदूक उघडली. डाव्या नळीत काजळी होती, काडतूस नव्हतं, घोडा तुटलेलाच. "जुनी दारू राहिली असंल," साहेब म्हणाले. कशी राहील? सकाळी मी त्याच नळीतून आभाळ पाहिलं होतं.

 बोकड मागायला त्यानंतर कुणी गेलं नाही आणि मेंढरं त्याच रानात चरतात. भुतानं न्याय केला असं म्हणायची मला लाज वाटते — तो माणसांनी करायचा होता. सगळं गाव दरसाल तिथं उभं असायचं.

म्हणून एक करा. येत्या खंडेनवमीला हत्याराला कुंकू लावण्याआधी थांबा. ते कुणावर चाललं, हे घरातल्यांना नाही, ज्यांच्यावर चाललं त्यांच्या घरी जाऊन विचारा. आणि तिथून तुमच्या दारी 'मान' म्हणून काही येत असेल, तर ते तुमच्याच हातानं परत नेऊन द्या.