साहेबांचा ग्लास

वस्तीत तिला सगळे गटारमावशी म्हणत. अगदी तोंडावर म्हणत आणि तीही खुशाल ओ देई. शहराच्या पोटाखालच्या खोल बोगद्यातून वाहत येणारं मैलापाणी जिथे उपसून, गाळून पुन्हा पिण्याजोगं करतात, त्या केंद्रात ती पाणी तपासायची. जंतू मरावेत म्हणून आधी नळाच्या तोंडाला ज्योत दाखवायची, थोडं पाणी वाहू द्यायचं आणि मगच नमुन्याची बाटली भरायची. यात कुणी घाई केली की तिची जीभ सुटायची, मग समोर कुणी का असेना.

तिचा नवरा हाच बोगदा खणणाऱ्या यंत्रावर होता. छातीच्या दुखण्याने तो गेला, तेव्हा बोगदा आणि केंद्र दोन्ही सांभाळणाऱ्या मोठ्या साहेबांनी तिला प्रयोगशाळेत लावून घेतलं आणि शेजारी बसून काम शिकवलं. तेव्हापासून तिने त्यांना भाऊ मानलं. चारचौघांत साहेब, एरवी दादा. दादांचा शब्द तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

बोगदा खणणं एक वेळ सोपं, पण त्यातून आलेलं पाणी लोकांच्या गळी उतरवणं महाकठीण. म्हणून केंद्रात एक रीत पडली होती. पाहुण्यांना टाक्या, गाळण्या दाखवून झाल्या की शिपाई त्याच पाण्याचे दोन ग्लास भरून आणायचा आणि साहेब व ती सगळ्यांदेखत ते प्यायचे. साहेब एका दमात ग्लास रिकामा करून मिशी पुसत. भल्याभल्यांची मुरडलेली नाकं तिथे सरळ होत.

आता तेच पाणी तिच्या वस्तीत येणार होतं. वस्ती मात्र अडून बसली होती आणि सगळ्यांत पुढे होती तिची सख्खी नणंद. घरात या दोघीच. नणंदेचं पोट फार नाजूक, एकदा खराब पाण्याने ती मरता मरता वाचलेली.

"वहिनी, तू म्हणशील ते खाईन," ती म्हणाली, "पण हे नाही. अख्ख्या शहराचं धुणं-हगणं त्यात!"

"अगं, दादा स्वतः पितात. त्यांना काय जीव जड झालाय?"

"मग माझ्या डोळ्यांनी बघू दे."

म्हणून मावशी नणंदेला आणि वस्तीतल्या बायकांना घेऊन केंद्रात आली. नेमका शिपाई रजेवर. त्यात काय मोठंसं, म्हणून तिने स्वतःच शुद्ध पाण्याच्या शेवटच्या नळावर दोन्ही ग्लास भरले. स्वतःचा तिने तिथल्या तिथे संपवला. साहेबांनी आपला ओठांपर्यंत नेला आणि हळूच विचारलं, "आज भरले कुणी?"

"मीच की."

साहेबांचा चेहरा पडला. फोन वाजला नव्हता, तरी त्यांनी तो कानाला लावला आणि "हॅलो, हॅलो" करत ग्लासासकट बाहेर पडले. बरं वाटत नसेल, या काळजीने ती मागे धावली. साहेब बेसिनमध्ये ग्लास ओतत होते.

"दादा, हे काय?"

"हळू बोल. पाणी उत्तम आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण माझ्या घशाखाली उतरत नाही. शिपाई माझ्यासाठी विकतच्या बाटलीतलं भरतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि मी?"

"तू पितेसच ना खरं? तेवढं पुरतं लोकांना."

तिला वाटलं, यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पाण्याचं तिला काही वाटलं नाही, ते तिने आपल्या हाताने तपासलं होतं. पण ज्याने तपासायला शिकवलं, त्याचाच तिच्या तपासण्यावर भरवसा नव्हता, आणि इतकी वर्षं तिला पुढे उभं करून तो मागे हसत मिशी पुसत होता. भाऊ म्हणे! केसाने गळा कापला मेल्याने.

साहेब मात्र आत जाऊन रिकामा ग्लास टेबलावर ठेवून मोकळे. "गोड आहे हो!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. नणंदेने वाजवल्या नाहीत. ती साहेबांमागून आत आलेल्या वहिनीकडे बघत होती.

"तू होतीस ना बाहेर? प्यायले ना ते खरंच?"

खरं सांगितलं असतं तर त्या पाण्याला वस्तीत पुन्हा कुणी शिवलं नसतं. पाणी चांगलं होतं, अगदी चांगलं. साहेब तिच्याकडे बघून हसले. ती आता काय बोलणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"हो, प्यायले," ती म्हणाली.

आजवर नणंदेशी ती कधी खोटं बोलली नव्हती. नणंद नळाशी गेली, ग्लास भरला, डोळे मिटले. "तुझ्या शब्दावर पिते हं वहिनी," म्हणाली आणि प्यायली.