स्कूटरचा प्लग
पेट्रोलचा वास आला की मला चारठाण्यातल्या आमच्या ओट्याजवळ उभी असलेली स्कूटर दिसते. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, नजर अधू झाली होती, तरी ते स्कूटरवर जिंतूरला जायचे. एकदा त्यांनी गाडी मेंढरांच्या कळपात घातली आणि एक कोकरू लंगडं झालं. धनगर मला पारावर गाठून म्हणाला, “गुरुजींनीच मला शिकवलं, मी त्यान्ला काय बोलू? तुमीच गाडी बंद करा.” पारावरचे हसले, “लय सोपं काम सांगायलास की!” माझाही तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. नाना दुपारी झोपले असताना मी स्कूटरचा चांगला प्लग काढून जळका बसवला, म्हणजे गाडी सुरूच होऊ नये, आणि मेकॅनिकला पढवून ठेवलं. नाना उन्हात गाडी ढकलत त्याच्याकडे गेले. तो खाली बघत म्हणाला, “इंजिनच गेलंय गुरुजी, पार्ट न्हाई मिळायलाय.” परत आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. बराच वेळ ते फडक्यानं सीट पुसत राहिले, मग मला म्हणाले, “मीच नीट सांभाळली नाही रे. ऑइल बदलायला उशीर केला.” चांगला प्लग माझ्या खिशातच होता. “जुनीच झाली होती, नाना,” एवढंच मी बोललो. पुढं शेवटपर्यंत ते भेटेल त्याला आपल्या हलगर्जीपणानं गाडी गेल्याचं सांगायचे. पारावरचे ऐकून घ्यायचे, मीही ऐकून घ्यायचो. आता ते नाहीत, म्हणून आज लिहितोय. गाडीला काहीच झालं नव्हतं, नाना.