जिभेखालची गोळी

"आ कर. जीभ वर घे. आजून वर."

धाराशिवच्या व्यसनमुक्ती केंद्राचा व्हरांडा. वॉर्डबॉयनं गोळीची भुकटी माझ्या जिभेखाली टाकली आन् ती विरघळेस्तोवर तोंडात बॅटरी मारून बघत बसला. रांगेत मी एकटीच बाई. मागून कुणीतरी म्हणालं, "आता बायाबी नशा करायला लागल्या." गडी हसले. माझ्या हनुवटीवरनं लाळ गळत होती.

नशा? गर्भपिशवी काढल्यावर माझी कंबर धरायची. तशीच खुरपायला जायची. गावातल्या मेडिकलवाल्या शेठनं दुखण्यावरची गोळी दिली. डॉक्टरची चिठ्ठी मागितली न्हाय. "घे, घोड्यावानी पळशील." पळले. मग गोळी न्हाय मिळाली की हाडं ठणकायची, जुलाब लागायचे, माझ्याच अंगाचा वास मला सहन व्हायचा न्हाय. शेठ हसत पाकीट पुढं सरकवायचा.

केंद्राच्या गोळीनं भाकरी थापण्यापुरती हाताची थरथर थांबली. पण तिच्यासाठी रोज केंद्रात यायचं, आन् रोज धास्ती. यष्टी चुकली तर? खाडा पडला, कामावरनं काढलं तर? लेकीच्या सासरी कळलं तर?

एक दिवस शेठच केंद्रात आला. संगं त्याचा थोरला पोरगा. डोळे खोल गेलेले, हात थरथरत होते. मला लगेच कळलं, ह्यालाबी तीच दुकानातली गोळी लागलीय. वॉर्डबॉय ताडकन उठला. "या शेठ, आत बसा. दार लावतो."

पोराला आत बसवून शेठ बाहेर आला. मला बघून वॉर्डबॉयला म्हणाला, "ही आमच्या गावच्या खालच्या वस्तीतली. तोंड नीट तपासा. ही माणसं गोळी लपवून इकतेत."

पोराची कीव आली. बापाची किळस. त्याच्या अत्तराचीबी किळस.

माझा नंबर आला. "आ कर."

मी तोंड मिटून घेतलं. मग म्हणाले, "हितं न्हाय. मलाबी आत न्या. दार लावा."

"मग गोळी न्हाय मिळायची."

दुपारपतुर अंग कसं मोडंल ते मला ठाऊक होतं. तरी दारासमोर फरशीवर बसले. वॉर्डबॉय वरडाय लागला. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी सगळ्यांदेखत सांगितलं, मला गोळी कुणी लावली, कुठल्या दुकानातनं, कशी.

"नशेत बरळतीय," शेठ म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मला आत घेतलं. दार लावून गोळी दिली.

दुकान आजबी उघडं हाय. मी औषध खात्याच्या हापिसात तक्रार दिलीय, सोमवारी जबाबाला बोलावलंय. शेठचा निरोप आलाय, "गावात ऱ्हायचंय ना?"

ऱ्हायचंय. म्हणूनच जबाब देणार हाय.