घुमीची तोंडी परीक्षा

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही घुमी म्हणतो. नाव मीच पाडलं आणि ते इतकं चपखल बसलं की आईसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारते. विचारलं तर बोलणार, तेही एका शब्दात. मी ब्युटी पार्लर चालवते, माझ्या तोंडाला दिवसभर खळ नसतो. एका आईच्या पोटी अशा दोन मुली कशा आल्या, देव जाणे.

घुमी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. "श्वास घ्या. धरा. सोडा." झालं, संपलं बोलणं. कपडे घालता घालता पेशंट विचारतोच, "काय दिसलं हो?" त्यावर हिचं ठरलेलं उत्तर, "डॉक्टर सांगतील." फोटो काढणाऱ्यानं फोटोबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा त्यांच्याकडे नियम. बाकीचे लोक ड्युटी संपली की नियम लॉकरमध्ये ठेवून येतात. आमची बाई तो घरी घेऊन येते. "ही लिपस्टिक कशी दिसते गं?" असं विचारलं तरी मिठाची गुळणी धरून बसायची.

तर या बाईला परदेशात जाऊन सोनोग्राफी शिकायची होती. मशीनवरचा हात चांगला म्हणून तिथल्या कॉलेजनं जागाही दिली, पण अट घातली. इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ठरलेले गुण हवेत. वाचणं, लिहिणं, ऐकणं यांत घुमी आरामात पास. बोलण्यात आपटली.

परीक्षक बाईंनी विचारलं होतं, "तुमच्या मते तुमच्या शहरातल्या लोकांची तब्येत कशी आहे?" घुमीनं इंग्रजीत उत्तर दिलं, "ते डॉक्टर सांगतील." बाईंनी पुन्हा विचारलं, "पण तुम्हाला काय वाटतं?" तर म्हणे, "मला सांगायची परवानगी नाही." अगं ए! तिथे कोण बसलं होतं तुझा पगार कापायला? हे ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या खेपेला क्लासच्या सरांनी छापील उत्तरं पाठ करून घेतली. त्यात एक आजोबांची सुंदर बाग होती. आमच्या आजोबांनी जन्मात कधी कुंडीत पाणी घातलं नाही. परीक्षक काय दुधखुळे असतात? पुन्हा आपटली. मग कॉलेजनं कळवलं की आता शेवटची संधी, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ.

"सोडून देते," घुमी म्हणाली.

सोडून देते म्हणे! माझं डोकंच फिरलं. "रविवारी दुपारी पार्लर बंद असतं," मी म्हटलं, "मुकाट्यानं यायचं. चिठ्ठी उचलायची, एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. माझ्या इंग्रजीवर जाऊ नकोस, तुझं तोंड हललं पाहिजे."

आईही यायची, टॉवेलांच्या घड्या घालत बसायची. तिला इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही. पहिले काही रविवार दात उपटल्यासारखे गेले. घुमी दोन वाक्यं बोलायची आणि आरशात बघत राहायची. मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की वरच्या मजल्यावरच्या बाई डोकावून गेल्या.

मग एकदा चिठ्ठी निघाली, 'तुम्ही लपवून ठेवलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल बोला.'

"दुसरी घेऊ?" घुमीनं विचारलं.

"मुळीच नाही."

तिनं सुरुवात केली. बाबा फार खोकत होते, त्यांचा फोटो तिनंच काढला. पडद्यावर छाती दिसली आणि तिला तिथल्या तिथे कळलं. बाबांनी बटणं लावता लावता विचारलं, "कसं आहे गं?" ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील." बाबा हसले. "बरोबर आहे, पुढच्याला बोलाव." तिनं पुढच्याला बोलावलं, एका बाईंचा गुडघा होता, त्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी रीतसर सांगेपर्यंत घरात ते तिला एकटीला माहीत होतं. बाबा गेल्यावरसुद्धा ती कुणाला बोलली नव्हती.

घड्याळ वाजलं तरी ती थांबली नाही, मीही थांबवलं नाही. क्रियापदांचा सगळा खेळखंडोबा झाला होता, पण बोलत होती. माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि रागही आला.

"मला तरी सांगायचंस!"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ताई."

खरं होतं. आईनं विचारलं, "काय म्हणत होती गं?" मी म्हटलं, "काही नाही, परीक्षेचं." आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट गिळली.

त्यानंतर मात्र घुमीची जीभ सुटली. फोनवर खेळणारी मुलं, शहरातली गर्दी, माझे पडदे, सगळ्यांवर तिला मत फुटलं. पडदे भिकार आहेत म्हणे. परीक्षा देऊन बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "कशी झाली?" तर म्हणाली, "बोलले."

निकाल फोनवर यायचा होता. त्या संध्याकाळी मी पार्लर बंद करून तडक आईकडे जेवायला गेले. दारातच विचारलं, "लागला?"

"अजून नाही," घुमी म्हणाली.

जेवायला बसलो आणि हिची टकळी सुरू झाली. हॉस्पिटलची लिफ्ट कशी अडकली, नवा वॉर्डबॉय कसा वेंधळा आहे, शेजारच्यांच्या कुत्र्यानं कुणाचा बूट पळवला. मी तर खूश! "बघितलंस आई, माझ्या क्लासची करामत!"

आईनं चमचा खाली ठेवला. "पास झालीस ना? कधी जायचंय?"

घुमीचा घास हातातच राहिला.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"बाबांचा फोटो काढून आली, त्या दिवशीही जेवताना अशीच बडबडत होती," आई म्हणाली. "मी तेव्हाच ओळखलं होतं. आणि आज नापास झाली असती, तर एका शब्दात सांगून मोकळी झाली असती."

घुमी ताटाकडे बघत म्हणाली, "पुढच्या महिन्यात जावं लागेल. पण तू इथे एकटी..."

"माझं राहू दे. तेव्हा मी तुला विचारलं नाही, आता विचारतेय. तुला जायचंय का?"

घुमी डोळे पुसून म्हणाली, "हो. जायचंय."

"मग आता गप्प बस आणि जेव," आई म्हणाली, आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.